हिशेबाची वही

काटकसरीवर जे लेख मासिकांतून येतात, ते बहुधा अशा गृहस्थांनीं लिहिलेले असतात कीं ज्यांच्यावर काटकसर करण्याची वेळ कधीं आलेलीच नसते. निदान वाचतांना तसें वाटतें खरें. उत्पन्नाचा अमुक एक भाग शिल्लक टाकावा, हा उपदेश ज्याच्याजवळ शिल्लक टाकण्याजोगें कांहीं आहे त्यालाच मानवतो. आमचा अनुभव याहून निराळा आहे, आणि तो सांगण्यांत आम्हांस कांहीं भूषण वाटतें असें नाहीं. तरीहि सांगण्याचें योजिलें आहे; कारण आमच्यासारखीं घरें या मासिकाच्या वाचकवर्गांत पुष्कळ असावींत अशी आमची समजूत आहे, आणि अशा घरांत ज्या गोष्टी मोठ्यानें बोलल्या जात नाहींत त्यांत पैशाचा क्रमांक पहिला लागतो.

२०२३ सालच्या जून महिन्यांत आमची नोकरी सुटली. बावीस वर्षें जिच्यांत काढलीं त्या कचेरीनें आमचा विभागच बंद केला व एका महिन्याचें वेतन हातीं देऊन आम्हांस मोकळें केलें. घरीं आमची वृद्ध आई, सौ., इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षांत गेलेला मुलगा व नववींतली मुलगी. पुण्यास सिंहगड रस्त्यावर घेतलेल्या घराचें कर्ज डोक्यावर, आणि वय वर्षें बावन्न. अशा स्थितींत विचारी मनुष्यानें त्याच संध्याकाळीं घरीं येऊन सर्वांना खरें तें सांगावें. आम्हीं तें केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं नेहमींच्या वेळीं डबा घेऊन आम्ही घराबाहेर पडलों, आणि पुढें दहा आठवडे तसेच पडत राहिलों.

दिवस एका सार्वजनिक वाचनालयाच्या बांकावर जाई. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती पाहाव्या, मोबाइलवरून दोनचार ठिकाणीं अर्ज पाठवावे, दुपारीं डबा खावा. तेथें साधारण आमच्याच वयाचे आणखी दोघे गृहस्थ डबे घेऊन येत. दहा आठवड्यांत आम्हीं एकमेकांस कधीं कांहीं विचारलें नाहीं.

इकडे घर पूर्वीप्रमाणेंच चालावें म्हणून मुलाची वर्षाची फी क्रेडिट कार्डावर भरली, वाणसामान कार्डावर आणलें, पेट्रोल कार्डावर घातलें. कार्डाच्या बिलांत 'किमान देय' म्हणून एक लहानशी रक्कम छापलेली असते. तेवढी भरावी व बाकीची पुढें ढकलावी. जुने सावकार व्याज 'दरमहा दरशेकडा' या हिशेबानें बोलत. रुपया शेकडा म्हणजे वर्षाला बारा टक्के. आणि दोन रुपये शेकडा घेणाऱ्याचें नांव सकाळच्या पारीं कोणी घेत नसे, असें आमचे आजोबा सांगत. आमच्या कार्डावरील दर साडेतीन रुपये शेकडा होता. चक्रवाढीनें तो वर्षाला एक्कावन टक्क्यांच्या घरांत जातो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; हें गणित आम्हांस येत नव्हतें असें नाहीं. तें करावयाचेंच नाहीं, असें आम्हीं मनाशीं ठरविलें होतें.

सौ.ना कळलें तें कॉलेजच्या पावतीवरून. फी आम्ही नेहमीं बँकेच्या खात्यांतून भरीत असूं, आणि या पावतीवर कार्डाचा आंकडा होता. एका प्रश्नांतून दुसरा निघाला, व रात्रीं दहाच्या सुमारास सर्व उघड झालें. ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, “अहो, डबा रोज रिकामा परत येत होता, म्हणून मी निर्धास्त होतें.”

आई शेजारच्या खोलींत जागी होती. ती उठून आली, आमच्याकडे एकवार पाहिलें, आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक बाहेर ओढूं लागली. आम्ही मदतीस गेलों तर म्हणाली, “अरे, आधीं वही घाल. मग रडायचं तें रड.”

त्या ट्रंकेंत आमच्या आजीच्या, म्हणजे आईच्या सासूबाईंच्या, हिशेबाच्या वह्या होत्या. त्या घरांत आहेत हें आम्हांस ठाऊक होतें; कोणत्याहि मुलाला आजीच्या ट्रंकेंत काय आहे हें जितपत ठाऊक असतें तितपत. पहिली वही १९४३ च्या मे महिन्यांत सुरू होते. तो महिना सहज निवडलेला नाहीं. त्याच महिन्यांत मुंबई शहरांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि गिरगांवांतल्या चाळींतील दोन खोल्यांत सात माणसांचा संसार करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या बाईला कार्डावर काय मिळालें व बाहेरून काय आणावें लागलें हें लिहून ठेवण्याची गरज वाटली. आजोबा कारकून होते. पगार पंच्याऐंशी रुपये, वर महागाईभत्ता.

हिशेब अर्थात् रुपये-आणे-पै यांतला. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, म्हणजे एका रुपयाच्या एकशें ब्याण्णव पै. आणि आजीच्या बेरजा एका पैनेंहि चुकलेल्या नाहींत. युद्धामुळें तांब्याची टंचाई होती, त्यामुळें १९४३ पासून पांच वर्षें सरकारनें मधोमध भोंक असलेला पैसा काढला होता. आजी ते पैसे दोऱ्यांत ओंवून खुंटीला अडकवून ठेवी. रोज सकाळीं भाजीसाठीं माळेंतून मोजून पैसे काढावयाचे. माळ संपली कीं त्या आठवड्याची भाजी संपली. १९४७ च्या अखेरीस नियंत्रण उठलें तेव्हांचे चढते भाव त्या वह्यांत आहेत, आणि पुढल्या वर्षीं नियंत्रण परत आल्याचीहि नोंद आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं त्या दिवशीं आजीनें नवें पान घातलें. परंतु पुढें कित्येक महिने नव्या पैशांच्या आंकड्याशेजारीं समासांत बारीक अक्षरांनीं आणेहि लिहिलेले दिसतात. नव्या हिशेबावर तिचा विश्वास बसावयास वेळ लागला असावा.

कोळसा, रॉकेल, देवाचें तेल, न्हावी, भिशीचा हप्ता, मुलांच्या पाट्या, गौरीची साडी, कोणाच्या मुंजीचा आहेर: सर्व कांहीं तेथें आहे. आम्ही कौतुकानें पानें उलटीत होतों. मुलगा व मुलगीहि एव्हांना उठून आलीं होतीं. मुलीनें मध्येंच विचारलें, “आजी, हें दुधाचं काय लिहिलंय?”

दुधाची नोंद रोजची होती व माणसागणिक होती. सासऱ्यांना अदपाव. 'यांना' पावशेर. मुलांना मिळून अच्छेर. चहाला नवटाक. एवढ्यावर बेरीज पुरी होत होती. मुलीचा प्रश्न असा कीं, लिहिणारीचें दूध कोठें आहे?

आई म्हणाली, “त्यांचं काय, उरलं तर.” आणि थोड्या वेळानें म्हणाली, “उरायचं नाहींच.”

मग तिनें १९५१ ची वही काढावयास लावली. तींत सहा महिन्यांच्या नोंदी निराळ्या हातच्या आहेत; अक्षर आजोबांचें, आणि बेरजा चुकलेल्या. तिसऱ्या बाळंतपणांत आजीच्या अंगांतलें रक्त इतकें कमी झालें होतें कीं ती सहा महिने अंथरुणाला खिळून होती. डॉक्टर, इंजेक्शनें, टॉनिकच्या बाटल्या, स्वयंपाकाला ठेवलेली बाई, आणि तिच्यासाठीं शेरभर दूध. मुलानें फोनवर बेरीज केली. आठ वर्षांत आजीनें स्वतःचें पावशेर दूध वाचवून जें साधलें असेल, त्यांतला मोठा भाग त्या सहा महिन्यांत गेला होता. पैशाचें हें झालें. तिची प्रकृति पुढें कधीं पूर्ववत् झाली नाहीं.

इतकें झाल्यावर आईनें सौ.कडे वळून विचारलें, “आणि तुझ्या गोळ्या कुठं आहेत ग? महिनाभर डबी दिसत नाहीं.”

हा प्रश्न आमच्या ध्यानीं आला नव्हता. पैशाचा विषय निघाला कीं आम्ही टाळाटाळ करतों हें सौ.च्या लक्षांत आलें होतें, कारण तेवढें कोणत्याहि बायकोच्या लक्षांत येतें. म्हणून तिनें न बोलतां आपल्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या होत्या, व डोळ्यांचा नंबर बदलला असतांहि नवा चष्मा पुढें ढकलला होता. आम्ही तिच्यापासून एक गोष्ट लपवीत होतों आणि ती आमच्यापासून दुसरी. दोघांचाहि हेतु एकच होता, घराला झळ लागूं नये. आजीला जाऊन किती वर्षें झालीं, घरांत फ्रिज आला, दूध पिशवींतून येऊं लागलें, तरी शेवटचें पान आपलें ही चाल आमच्या घरांतून गेली नव्हती. ती एकट्या आमच्याच घरांत आहे असेंहि नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांतल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ या वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळलें. त्याचीं कारणें अनेक आहेत व सर्वच दारिद्र्याचीं नाहींत. मागाहून जेवणें हें त्यांतलें एक आहे, असें आम्हांस वाटतें.

त्या रात्रीं ठरलें तें एवढेंच: वही घालावयाची, ती जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवावयाची, आणि ज्याच्या नांवापुढें कांहींच लिहिलेलें नाहीं त्याच्याबद्दल पहिल्यानें विचारावयाचें.

दुसऱ्या दिवशीं बसून मागल्या वर्षाचा सरासरी मासिक खर्च काढला. तो ८७,५०० रुपये भरला. यांत वाणसामान, दूध, भाजी व गॅस मिळून १६,००० होते, म्हणजे शेकडा अठरा. घराच्या कर्जाचा हप्ता जवळजवळ २७,०००, म्हणजे शेकडा एकतीस. आणि बाहेरचें खाणें व घरपोंच मागविलेलें खाणें ७,५००! स्वयंपाकघराच्या निम्म्याच्या जवळ जाणारा हा आंकडा कोणालाच खरा वाटेना. मुलानें फोनवरील जुनीं बिलें काढून दाखविलीं तेव्हां सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. काटकसरीचा विषय निघाला कीं लिहिणारा सरळ स्वयंपाकघरांत शिरतो. कोथिंबिरीच्या काड्या टाकूं नका, साली टाकूं नका, आणि असेंच पुष्कळ. त्या नका टाकूं, हें खरेंच. पण ज्या घराचा तिसरा हिस्सा बँकेच्या हप्त्यांत जातो तें घर कोथिंबिरीच्या काड्यांनीं सावरत नाहीं. स्वयंपाकघर हें बाईचें मानलें गेल्यामुळें बचतीची जबाबदारीहि तिच्या गळ्यांत घालणें सोयीचें झालें आहे, एवढाच त्याचा अर्थ. मोठे खर्च बहुधा पुरुषांनीं सही करून ठरविलेले असतात.

उदाहरणार्थ हें कर्ज. तीस लक्ष रुपये, दर शेकडा नऊ, मुदत वीस वर्षें, असें धरलें तर मासिक हप्ता २६,९९२ रुपये येतो. आमचें कर्ज साधारण याच मापाचें. पहिल्या महिन्याच्या त्या हप्त्यांतले २२,५०० रुपये नुसत्या व्याजांत जातात, व मुद्दल फिटतें अवघें ४,४९२. वीस वर्षांत एकूण भरणा चौसष्ट लक्ष अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास होतो. परंतु याच गणिताची दुसरी बाजूहि आहे. कर्ज घेतल्याबरोबर एक लक्ष रुपये मुद्दलांत जास्त भरले, आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारें वीस हप्ते भरावेच लागत नाहींत. वीस हप्ते म्हणजे जवळजवळ पांच लक्ष चाळीस हजार रुपये. बदलत्या दराच्या गृहकर्जावर अशी रक्कम आधीं भरली तर बँकांना दंड घेतां येत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच तसें ठरवून दिलेलें आहे. आम्हीं घर घेतलें त्या वर्षीं आमच्या हातांत बरोबर एक लक्ष रुपये जास्तीचे होते. त्यांचें आम्हीं दिवाणखान्यांत खऱ्या छताखालीं प्लॅस्टरचें दुसरें छत करविलें, आणि त्यांत दिवे बसविले. आई अधूनमधून वर पाहते व कांहीं बोलत नाहीं.

स्वयंपाकघरांत बदल झाला नाहीं असें मात्र नाहीं. आणि तो सुखाचा झाला, कारण या बाबतींत आई अधिकारी आहे. १९७२ च्या दुष्काळांत रेशनवर मिळणारा अमेरिकेचा तांबडा मिलो तिनें शिजविलेला आहे. त्याच सुमारास महागाईविरुद्ध मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणीं घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांत एकदां आईहि गेली होती, व घरीं परत येऊन त्याच लाटण्यानें पोळ्या केल्या, असें ती सांगते. तिच्या देखरेखीखालीं दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी होऊं लागली, दोडक्याच्या शिरा कुरकुरीत भाजल्या जाऊं लागल्या, आणि कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठांत पडूं लागला. साय विरजून लोणी व लोण्याचें तूप घरीं निघूं लागलें. तूप कढवल्यावर खालीं राहणारी बेरी साखर घालून खाण्यासाठीं आमचीं इतकीं मोठीं मुलें भांडूं लागलीं. शिळ्या पोळीचा कुस्करा आठवड्यांतून दोनदां. डाळ अर्धा तास भिजवून मगच कुकरांत, व कुकरांत एका वेळीं तीन भांडीं, या दोन नियमांनीं १४.२ किलोंचें सिलिंडर पूर्वी सत्तावीस दिवस जाई तें छत्तीस दिवस जाऊं लागलें. कुळिथाचें पिठलें, मेतकूट-भात, ताकाची कढी यांचा मान वाढला. आमच्या कोंकणस्थ जातीच्या चिकटपणाच्या गोष्टी लोक चवीनें सांगतात. सांगोत बापडे, गरम मऊभातावर घरचें तूप व मेतकूट घेतल्यानंतर त्या गोष्टी आम्हांसहि चवदार लागतात.

मात्र दूध व भाजी यांना हात लावावयाचा नाहीं असें आईनें बजावलें होतें, आणि दुधाच्या ओळींत आतां सहावी नोंदहि नाहीं व चौथीहि नाहीं. बरोबर पांच माणसांच्या पांच नोंदी आहेत.

खरी अडचण आली ती न दिसणाऱ्या पैशाची. २०१६ पासून फोनवरून पैसे देण्याची जी सोय झाली आहे तिला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांची तींत सोय आहे. पण आजीची माळ जशी रोज कमी होतांना दिसे तसें फोनवर कांहीं दिसत नाहीं. चाळीस, साठ, पंचावन्न अशा रकमा दिवसभर जातात व रात्रीं कोणाला आठवत नाहींत. म्हणून भाजी, फळें व किरकोळ खर्च यांसाठीं दर सोमवारीं रोख रक्कम काढून पितळी डब्यांत ठेवण्याचें ठरलें. डबा रविवारपूर्वीं रिकामा झाला तर घरांत कडधान्य शिजतें. पहिल्या महिन्यांत चारांपैकीं तीन रविवार मटकीचे गेले.

आहेराचा प्रश्न याहून नाजूक होता. त्याच हिंवाळ्यांत आमच्या चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. आमच्याकडच्या कार्याला त्यांनीं जें दिलें होतें तें जुन्या यादींत होतें, व आपण त्याहून कमी द्यावें हें सौ.च्या मनाला लागत होतें. पत्रिकेवर 'आहेर आणूं नये' असें छापलेलें होतें. परंतु तें छापील वाक्य आपल्या समाजांत जितकें छापलें जातें तितकें मानलें जात नाहीं, हें वाचकांस सांगावयास नको. शेवटीं सौ.नें चुलतभावजयीला फोन करून खरें तें सांगितलें. पलीकडून क्षणभर कांहीं उत्तर आलें नाहीं, आणि मग ती म्हणाली, “जाऊबाई, आमचंहि तसंच चाललंय. तुम्ही आदल्या दिवशीं या, आणि लाडू वळायला बसा.” त्याप्रमाणें दोघी रात्रीं बारापर्यंत लाडू वळीत बसल्या होत्या. त्यानंतर त्या दोन घरांत आहेराची देवघेव बंद झाली आहे व जाणेंयेणें वाढलें आहे. सगळीकडे असें होईल अशी हमी आम्ही देत नाहीं. एका जवळच्या नातलगानें आमच्या अडचणीचा बोभाटा केला तो केलाच.

मुलांना हें सर्व सांगावें कीं नाहीं यावर सौ.चा व आमचा मतभेद होता. सौ.चें म्हणणें, आंकडे सांगावे, भीति सांगूं नये. आणि अनुभवानें तिचेंच खरें ठरलें. मुलानें दोन शाळकरी मुलांची गणिताची शिकवणी धरली. मुलगी मात्र दुसऱ्या टोकाला गेली. नृत्याचा क्लास सोडतें, सहलीला जात नाहीं, नवा गणवेश नको, असें तिनें एका दमांत जाहीर केलें. आईनें तिला जवळ घेऊन १९४३ ची वही उघडली, व दुधाचें पान तिच्यापुढें धरलें. नृत्याचा क्लास राहिला. सहल मात्र गेली, आणि तिचें तिला वाईट वाटलें. तें आम्हांस दिसत होतें व त्यावर आमच्याजवळ उपाय नव्हता.

आरोग्यविम्याचा हप्ता आम्हीं चुकूं दिला नाहीं, भविष्यनिर्वाह निधींतून काढलेल्या रकमेंतून कर्जाचे हप्ते भरले, सौ.नें एका शाळेंत संस्कृतचें अर्धवेळ काम धरलें, एक दुचाकी विकली. फेब्रुवारी २०२४ मध्यें आम्हांस पुन्हा नोकरी मिळाली. पूर्वी हातांत ९२,००० येत, आतां ५८,०००. हें सर्व थोडक्यांत सांगितलें, कारण त्यांत विशेष असें कांहीं नाहीं. ज्यांच्यावर अशी वेळ येते ते सर्व हेंच करतात.

कार्डाचें कर्ज मात्र तसेंच उरलें होतें: एक लक्ष बासष्ट हजार, साडेतीन रुपये शेकड्यानें वाढत जाणारें. तें आधीं फिटल्यावांचून बाकीची सर्व काटकसर भोंक पडलेल्या घागरींत पाणी भरण्यासारखी होती. वही घातल्याच्या चौथ्या दिवशीं सौ.नें कपाटांतून आपल्या दोन पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. तिच्या माहेरच्या, वजन तीस ग्रॅम. आम्हीं नको म्हटलें. तिनें ऐकलें नाहीं. तेव्हां आई मध्यें पडली. तिचें म्हणणें असें कीं, पाटल्या द्यावयास हरकत नाहीं, पण त्या सुनेच्या स्वतःच्या आहेत. घरानें त्या घेतल्या तर उसन्या घेतल्या, आणि उसनें वहींत मांडलें पाहिजे. रुपयांत मांडावयाचें नाहीं, सोन्यांत मांडावयाचें. सोनें घेतलें तर सोनेंच परत करावयाचें. त्याप्रमाणें वहीच्या शेवटच्या पानावर आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिलें: 'सौ.चें येणें, सोनें तीस ग्रॅम.' खालीं सही केली. दुसऱ्या दिवशीं पाटल्या मोडून कार्ड फेडलें, आणि कार्ड कात्रीनें कापलें तें मुलीनें.

आईच्या या अटीची खरी किंमत पुढें कळली. आम्हीं पाटल्या मोडल्या तेव्हां शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला साठ हजारांच्या आसपास होता. २०२५ सालीं तो एक लक्षाच्या वर गेला. रुपयांत लिहिलें असतें तर देणें केव्हांच फिटलें असतें. २०२४ च्या दसऱ्याला पांच-पांच ग्रॅमचीं दोन वळीं घेतलीं व सौ.च्या हातीं दिलीं. त्यानंतर भाव पळत आहे, आम्ही मागून चालत आहों. सौ. म्हणते, आतां तें पान फाडा. एकदां तर ती खरोखरच वही घेऊन बसली होती. आईनें तिच्या हातून वही काढून घेतली व म्हणाली, “त्यांच्या वहींत तुझ्यासारखीचं एक पान असतं, तर मी तें कुणाला फाडूं दिलं नसतं.”

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जेवणें झाल्यावर वहीची बेरीज होते. हल्लीं ती मुलगी करते. अक्षर चांगलें आहे, मात्र सातचा आंकडा एकसारखा दिसतो. शेवटचें पान ती आजीला मोठ्यानें वाचून दाखविते. या महिन्याची बाकी: सोनें वीस ग्रॅम.